मुलीचा तराजू वेगळा का?



बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी एकच हिशेब मांडला जातो : नावाजलेले कॉलेज की परवडणारे? हिशेब रास्त आहे. पण मुलासाठी तराजू एक आणि मुलीसाठी दुसरा. मुलाला पुण्यात घालायचे तर रान गहाण पडते. मुलीची वेळ आली की, ‘जवळचंच बघा, पुढं लग्नालाही लागणार आहेत.’

हुंडा द्यायला कर्ज निघते, फी भरायला निघत नाही.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. याचे स्वागतच. मात्र ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. एस.टी. स्टँडवर मोठाले फलक बहुधा यांचेच असतात! १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडले, तेव्हापासून महाग ते चांगले हा समज आपल्याकडे पक्का होत गेला. १८८० सालचे राजाराम कॉलेज किंवा १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ यांना फलक लावावे लागत नाहीत, म्हणून ती कमअस्सल ठरत नाहीत. नावापेक्षा शिकवणारे कायम आहेत का, प्रयोगशाळा चालते का, मागच्या वर्षीच्या मुली आज काय करतात, हे विचारावे. आईने स्वतः जाऊन विचारावे.

आणि फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. चंदगडची मुलगी रोज कोल्हापूरला ये-जा करू शकत नाही. खोली, मेस, डिपॉझिट जूनमध्येच द्यावे लागते. निर्वाह भत्ता मिळालाच तर मागाहून. राहायची सोय नसेल तर शिक्षण नाही, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ पासून या शहरात जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली, ती मुख्यतः मुलांसाठी. मुलींच्या वसतिगृहांचा प्रश्न अजून शिल्लक आहे आणि तो मोर्चात नेण्याजोगा आहे.

परित्यक्तांचे वेगळेच. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बापाची कागदपत्रे मागितली की, दहा वर्षे तोंड न दाखवलेल्या नवऱ्याच्या दारात बाईने जायचे काय? काही जणी त्या एका कागदापायी मुलीचा अर्जच भरत नाहीत.

आपल्या गटांनी प्रवेश सुरू होण्याआधीच वस्तीत बसावे. कोणत्या कॉलेजला माफी लागू आहे, माफीबाहेर किती भरावे लागते, हे लेखी मागून घ्यावे. एकट्या आयांना घेऊन तहसीलदारांकडे शिष्टमंडळ न्यावे. कोणत्या तालुक्यात काय उत्तर मिळाले ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.