भरवशाच्या मोटारीला टोणगा

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी फराळाच्या ताटाभोवती एक तरी वाद रंगतोच. गेल्या पाडव्याचा विषय होता मोटार. माझ्या पुतण्याने खिशातून फोन काढला आणि एका मोटारीचे छायाचित्र सर्वांपुढून फिरवले. रंग काळाभोर, अंग आरशासारखे आणि नाकावर विलायती कारखान्याचे चिन्ह. गाडी दहा वर्षांची, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. पण किंमत मात्र नव्या लहान देशी गाडीएवढीच.

“काका, त्याच पैशांत ही येते. विलायती ती विलायती! हिला बिघाड म्हणून ठाऊक नाही.”

झाले! घरात तत्काळ दोन तट पडले. तरुण मंडळी विलायतीकडे गेली, सूनबाई देशीला चिकटून राहिल्या, आणि आमच्या सौ.नी “काळी नको बाई, धूळ फार दिसते” असे आपले स्वतंत्र मत नोंदवून चिवड्याचा डबा पुढे केला.

पण या वादामागे नुसती हौस नव्हती. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे पुतण्याच्या वडिलांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाची वेळ. भाड्याची गाडी कधी येते, कधी ऐन वेळी चालक फेरी रद्द करतो. म्हणून घरची मोटार हवी, आणि ती घ्यायची दादाच्या निवृत्तीच्या पैशांतून. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत मोजून दिलेले घोटभर पाणी पुरवून पुरवून पीत होता आणि सगळे ऐकत होता.

वाचकहो, देशी गाडी भरवशाची की विलायती, हा प्रश्न आपल्याकडे सत्तर वर्षे तरी चघळला जात आहे. पण मुळात देशी कोणाला म्हणायचे? ॲम्बॅसडरचे गोत्र पाहा. ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड; १९५७ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याला, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती आपली झाली. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात निघणारी फियाट अकराशे ही इटलीची लेक. पुढे तिचे नाव पद्मिनी ठेवले. सासरी आलेल्या मुलीचे नाव बदलायची आपली रीतच आहे! जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी १९२८ पासून मुंबईत बाहेरचे भाग आणून गाड्या जोडत असे. पुढे सरकारने नुसती जुळणी पुरे, भागही इथेच बनवा असा आग्रह धरला, तेव्हा १९५४ साली तिने इथला गाशा गुंडाळला. मागे राहिले ते दोन-तीन कारखाने आणि रांगेत उभे असलेले आपण.

नकाशा विलायतीच होता. मग इथे बनलेली गाडी एवढी कुरकुर का करी? “हॉर्न सोडून हिचे सगळे वाजते” हा विनोद तर देशी गाडीच्या पाचवीलाच पुजलेला. माझ्या मते दोष मातीचा नव्हता, रांगेचा होता. ज्या हलवायाच्या दुकानापुढे रोज पहाटेपासून रांग लागते, त्याने जिलबी कुरकुरीत कशासाठी करावी? नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे थांबणारे गिऱ्हाईक, दारात प्रतिस्पर्धी नाही, बाहेरची गाडी आणावी तर जकात आणि परवाने आडवे. पत्रा, रबर, बारीकसारीक भाग बनवणारे कारखानेही नवशिके. अशाने गाडी खपते, सुधारत नाही.

माझ्या वडिलांची एक देशी गाडी होती. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. मुंबईहून पुण्याला जाताना खोपोलीला तिला पाणी पाजायचे आणि मगच बोरघाट चढायचा, असा नेम होता. एका पावसाळ्यात घाटाच्या मध्यावर फॅन बेल्ट तुटला. रेडिएटरमधून वाफेचे लोट निघू लागले. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने खाली उतरून पाहिले आणि आईकडे एक जुने पातळ मागितले. त्याची पट्टी फाडून, वेणीसारखी वळून त्याने पुलीवर बांधली. दर वळणावर थांबत आम्ही खंडाळ्याला पोचलो. तिथल्या लहानशा गॅरेजात नवा बेल्ट खुंटीवर टांगलेलाच होता. संध्याकाळच्या चहाला आम्ही पुण्यात हजर.

त्याच सुमारास शेजारच्या वकीलसाहेबांकडे एक विलायती गाडी होती. ती घाटात कधी तापली नाही की थंडीत रुसली नाही. वकीलसाहेब आमच्या गाडीकडे पाहून गालातल्या गालात हसत. एके दिवशी तिच्या मागच्या धुऱ्यातला एक भाग तुटला. तो मुंबईत मिळेना. चोरबाजार पालथा घातला, तिथेही नाही. परदेशातून मागवायचा तर अर्ज, परवाना, पुन्हा अर्ज. गणपतीत बसलेली गाडी होळीला उठली. तोवर तिच्या ताडपत्रीखाली चिमण्यांचे एक बाळंतपण झाले, आणि वकीलसाहेब कोर्टात जायचे ते आमच्या वाजणाऱ्या गाडीतून!

म्हणजे भरवसा दोन प्रकारचा असतो. एक, न बिघडण्याचा; दुसरा, बिघडल्यावर लवकर नीट होण्याचा. त्या काळी पहिला विलायतीकडे होता, दुसरा देशीकडे. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली, ती काही बिघडत नव्हती म्हणून नव्हे. नाक्यानाक्यावरच्या फिटरला ती तोंडपाठ होती म्हणून.

हे दोन्ही भरवसे मध्यमवर्गीयाच्या दारात एकत्र आले ते १४ डिसेंबर १९८३ नंतर, गुडगावहून मारुती ८०० निघू लागली तेव्हा. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन. आराखडा सुझुकीचा, कामाची शिस्तही सुझुकीची, हात मात्र आपल्याच मुलांचे. सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू होते, हे पाहून कित्येक घरांतली वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडली. आणि पाहता पाहता तिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळू लागले.

जपानी शिस्त तरी जन्मजात होती काय? मुळीच नाही. टोयोटाने १९५८ साली अमेरिकेत टोयोपेट क्राउन विकायला काढली. तिथल्या लांबलचक हमरस्त्यांवर वेग घेतला की ती धापा टाकी, तापे, थरथरे. १९६० च्या अखेरीस मोटारी पाठवणेच थांबवावे लागले. जपानी माल म्हणजे कचकड्याचा, अशी जगाची समजूत असतानाचा हा काळ. पण त्याआधीच, १९५० साली, डेमिंग नावाच्या एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानला जाऊन कारखानदारांना एक गोष्ट सांगितली होती. वाईट नग शेवटी वेचून काढत बसू नका. तो वाईट का झाला ते शोधा आणि ते कारण काढून टाका. सुगरण बाई बिघडलेला लाडू लपवीत नाही, पाक कुठे चुकला ते पाहते, तसेच हे. जपानने हे ऐकले, आणि पुढल्याच वर्षी त्याच्या नावाने पारितोषिकही सुरू केले.

ही शिस्त रक्तात नसते, कामाच्या रीतीत असते, याचा दाखला अमेरिकेतच मिळाला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि सदोष गाड्या यांबद्दल त्याचा लौकिक. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाशी भागीदारी करून तोच पुन्हा उघडला, आणि कामावर घेतले ते बहुतेक जुनेच कामगार. फरक एवढाच की आता प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. चूक दिसली की ती ओढायची. मुकादम धावत येई तो ओरडायला नव्हे, मदतीला. वेळेत चूक सुधारली नाही तर सगळी रांग थांबे. तेच हात, तेच छप्पर, आणि गाड्या थेट जपानी तोडीच्या निघू लागल्या! गंमत म्हणजे पुढे तिथून एकच गाडी दोन नावांनी निघे, एक कोरोला आणि दुसरी प्रिझम. जुन्या बाजारात कोरोलाला भाव जास्त मिळे. बहिणी जुळ्या, पण एकीच्या कपाळी जपानी नाव होते ना!

आता तर काटा आणखी फिरला आहे. २०१६ साली भारतात बनलेली बलेनो जपानात विकायला गेली, २०२४ साली फ्राँक्स गेली. टोकियोतल्या एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने ती विलायती गाडी, आणि विलायत म्हणजे आपण!

तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला म्हटले, “गाडी कोणत्या देशाची ते सोड. तिचा जुना हिशेब माग. कोणकोणते भाग बदलले, कधी बदलले, आणि पुढचे भाग कितीला आणि किती दिवसांत मिळतात, ते विचार.” दोघे मिळून नाक्यावरच्या फिटरकडे गेलो. चाचांनी बॉनेट उघडून इंजिन ऐकले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, गाडी झकास आहे. पण चाकावरचे हे हवेचे सस्पेन्शन आता म्हातारे झाले आहे, आणि हे काम माझ्या हातचे नाही. यंत्र लावून बघणारा लागतो.” पुतण्याने तिथूनच फोन केला. एका चाकाच्या त्या भागाची किंमत ऐकून त्याचा चेहरा उतरला. कधी मिळेल, यावर उत्तर आले, “आगाऊ पैसे भरा, मग सांगू.”

लोक नेमके इथेच फसतात. महागडी गाडी दहा वर्षांत स्वस्त होते, तिचे भाग होत नाहीत. हत्ती पडत्या भावाने मिळाला तरी त्याचा चारा हत्तीचाच लागतो.

संध्याकाळी हे सगळे दादाला सांगितले. तो इतके दिवस काही बोलला नव्हता. म्हणाला, “अरे, मला ती चालवून मिरवायची आहे का? बुधवारी बिघडलेली गाडी शुक्रवारी पहाटे दारात उभी पाहिजे, एवढेच बघा.”

लहान देशी गाडी आली. रंग पांढरा, सौ. प्रसन्न. वर्षभर एकही फेरी चुकली नाही, असे लिहायचा मोह होतो, पण ते खरे नाही. माघातल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला, दादा आत बसलेला असताना, चावी फिरवली आणि नुसती टिकटिक झाली. बॅटरी संपली होती. पुतण्या धावत नाक्यावर गेला. चाचा स्वेटर चढवून, तारा आणि दुसरी बॅटरी घेऊन आले. वीस मिनिटांत इंजिन सुरू झाले. रुग्णालयात थोडा उशीर झाला, एवढेच.

भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला खरा; पण गवळी हाकेच्या अंतरावर होता.