लाज चोराच्या कामाची

मागच्या रविवारी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर कॉफी घेताना एका निवृत्त सुभेदार साहेबांनी त्यांची गोष्ट सांगितली. मराठा पलटणीचा माणूस, आता लेकीकडे राहतो. बँकेच्या नावाने मेल आला: केवायसी संपलंय, आज रात्री पेन्शनचं खातं गोठेल. वर बँकेचं बोधचिन्ह. साहेबांनी लिंक दाबली, सांगितलेलं ॲप फोनमध्ये घेतलं आणि ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागले. पहिल्या रात्री एक लाख चाळीस हजार गेले. तिसऱ्या रात्री आणखी दोन लाख.

"मधले दोन दिवस कुणालाच सांगितलं नाहीत, साहेब?"

"कुठल्या तोंडानं सांगू, साहेब? पलटणीच्या ग्रुपवर महिनाभर हसले असते."

चोरावर राग आहेच. पण त्याहून जास्त राग मला आपल्या सगळ्यांचा येतो. "एवढा शहाणा माणूस, फसला कसा?" असं विचारणारे आपणच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सांगितलं की, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं. पहिल्या रात्रीच कळवलं असतं तर पुढचे दोन लाख साहेबांच्या माथी बसले नसते. ते आपल्या हसण्याच्या भीतीपायी गेले.

सगळा दोष फसलेल्याचा, हे तुणतुणं बँकांच्याही सोयीचं आहे. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीजने अशाच मेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. २०१३ मध्ये राज्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख भरण्याचा आदेश दिला. मेलला उत्तर देणाऱ्याची चूक होतीच. पण चोरांच्या खात्यांची नीट तपासणी न करणारी बँकही त्यातून सुटली नाही.

अंधारात वर्दी दिसली म्हणून संत्री रायफल खाली करत नाही. "थम, कौन आता है?" विचारतो, परवलीचा शब्द मागतो. बोधचिन्ह ही नुसती वर्दी आहे, कुणीही चढवू शकतो. म्हणून मेलमधली लिंक दाबायची नाही, मेलमधून ॲप घ्यायचं नाही. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करायचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा वेगळा शेवट दिला आहे, तो पाहायचा. फोन करायचा तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर.

आणि पहारा फुटलाच तर? संत्री लाजत बसत नाही, आधी आरोळी ठोकतो. त्याच क्षणी बँकेला कळवा आणि १९३० फिरवा.

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "माझे पैसे गेले" लिहिलं, तर हसू नका. एवढंच विचारा: "साहेब, १९३० लावला का?"