ओझं सायकलीला द्या, पाठीला नको

रोड बाईकवर कामाला जाणारे बरेच जण पाठीला सॅक लावतात. या सायकलीवर पुढे वाकून बसावं लागतं. त्यामुळे सॅकचा भार खांद्यांवर आणि कमरेवर येतो, शर्ट घामाने भिजतो तो वेगळाच. आपल्या पाववाल्याने, दूधवाल्याने ओझं कधी पाठीवर घेतलं नाही, कॅरियरवर बांधलं. शहाणपण त्यांचंच खरं.

रोड बाईक शर्यतीसाठी घडवलेली, म्हणून कॅरियर बसवायला भोकंच बहुधा नसतात. तरी उपाय आहे. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या फेरीत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात. तिथे बहुतेकांचं सामान सायकलीवरच असतं. सीटखालच्या लांब पिशवीत कपडे, फ्रेमच्या त्रिकोणात ट्यूब, पंप आणि पाने, हँडलच्या पिशवीत खाऊ. जड वस्तू खाली आणि मधोमध ठेवा, पट्टे घट्ट आवळा. कार्बनच्या सीटपोस्टवर मात्र क्लॅम्पचा कॅरियर लावू नका, तो तडकू शकतो.

नवी सायकल घेताना वजन किती कमी हे नंतर विचारा. आधी विचारा, कॅरियरला भोकं आहेत का? साधा जेवणाचा डबाही नेता येत नसेल, तर ती महागडी सायकल रोजच्या काय कामाची?