टोपीवरचा गॉगल

आमच्या कॉलेजात यंदा गॉगलांची साथ आली. डोळ्यांची साथ दर पावसाळ्यात येते आणि जाते. ही गॅदरिंगच्या आधी आली आणि अजून पुरती गेलेली नाही. ज्याच्या-त्याच्या टोपीवर, कपाळावर, गळ्यात एक जाडजूड, पितळी रंगाचा गोल गॉगल. त्याला चामड्यासारखे दिसणारे रेक्झीनचे पट्टे, कडेला घड्याळाची दातेरी चाके आणि कुठेतरी उगाचच बसवलेला एखादा नट. या थाटाला स्टीमपंक म्हणतात. वाफेच्या इंजिनांचे युग संपलेच नाही, जग वाफेवरच पुढे गेले, अशी कल्पना करून लिहिलेल्या कादंबऱ्यांना के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली हे नाव काहीसे गमतीने सुचवले. पुढे ते कपड्यांना, दागिन्यांना, दिव्यांनाही चिकटले. आमच्याकडे त्यातून ‘स्नो गॉगल’ निघाला, कारण मे महिन्यात आमच्यापैकी अठरा जण हिमाचलात ट्रेकला जाणार आहेत आणि बर्फात मिरवायला हाच गॉगल हवा, असे सर्वानुमते ठरले आहे.

माझे म्हणणे इतकेच की गॉगल ही डोळ्यांवर घालायची वस्तू आहे.

हे म्हणणे मी हस्तकला स्पर्धेच्या वेळी मांडले, तेव्हा परीक्षक असलेल्या सरांनी हसून सांगितले, की शोभेच्या वस्तूला उपयोगाचा हिशेब विचारू नये, कला त्यापासून मुक्त असते. सरांचा मान राखून मी इथे लेखी असहमती नोंदवते. शोभेच्या वस्तूबद्दल ते खरेच असेल. पण ज्या गॉगलला पहिले बक्षीस मिळाले तो मी हातात घेऊन पाहिला. प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे, वर सोनेरी स्प्रे, आणि काचेच्या जागी रंगमंचावरच्या दिव्यांना लावतात तो अंबर रंगाचा जिलेटिन कागद. डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक दातेरी चाक डिंकाने चिकटवलेले. म्हणजे डावा डोळा गेलाच. रंगमंचावर तो शोभला असता, माझी काहीच तक्रार नव्हती. पण हाच गॉगल घालून त्याचा कर्ता मे महिन्यात रोहतांग खिंडीत उभा राहणार आहे, आणि तिथे तो शोभेची वस्तू राहत नाही.

बर्फात डोळ्यांना काय होते ते आपल्याला, समुद्राकाठच्या माणसांना, ठाऊक असण्याचे कारण नाही. उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. जुहूच्या कोरड्या वाळूवरून ते सुमारे १५ टक्के परावर्तित होतात, लाटांच्या फेसावरून सुमारे २५ टक्के. ताज्या बर्फावरून मात्र ८० टक्क्यांपर्यंत. त्यात दर हजार मीटर उंचीला त्यांचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांनी वाढते, आणि रोहतांग चार हजार मीटरला थोडीच कमी. म्हणजे वरून आणि खालून, दोन्हीकडून मार. टोपीच्या कडेने वरचा थोपवता येतो, खालचा येत नाही. डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा अक्षरशः उन्हाने भाजतो, आणि ते त्या वेळी कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊ लागते, पाणी वाहते, उघडता येत नाहीत. यालाच हिमांधत्व म्हणतात. बहुतेकांना ते एक-दोन दिवसांत सोडते. पण डोंगरावर एक-दोन दिवस आंधळे असणे ही काय गोष्ट आहे ते नॉर्टनला विचारावे. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर ऑक्सिजनशिवाय २८,१२६ फुटांपर्यंत चढला. पाऊल कुठे पडते ते नीट दिसावे म्हणून त्याने वाटेत गॉगल काढला होता. त्या रात्रीपासून सुमारे साठ तास त्याला काही दिसले नाही. मॅलरी आणि अर्व्हिन शेवटच्या चढाईला निघाले तेव्हा त्यांचा हा नेता त्यांना पाहूही शकत नव्हता. ते दोघे परत आले नाहीत. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला, तेव्हा त्याचा गॉगल खिशात होता. त्यावरून काहींनी असा तर्क केला, की तो पडला तेव्हा उन्हे गेलेली असावीत, तो उतरत असावा. एका गॉगलवरून पाऊणशे वर्षांपूर्वीची वेळ ताडता येते, ती का? कारण तो गॉगल कामाचा होता. ऊन असताना तो खिशात ठेवण्याची वस्तूच नव्हती.

जिलेटिनच्या कागदाने तर दुहेरी घात होतो. रंगीत पडद्यामागे उजेड कमी वाटतो, म्हणून बाहुली मोठी होते. आणि कागद अतिनील किरण अडवत नसेल, तर मोठ्या झालेल्या दारातून ते अधिकच आत शिरतात. अशा वेळी गॉगल नसलेला बरा. निदान माणूस डोळे बारीक तरी करतो.

डोळे बारीक करणे, हीच खरे तर जगातल्या पहिल्या स्नो गॉगलची युक्ती. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक हाड, हस्तिदंत किंवा समुद्राने वाहून आणलेले लाकूड कोरून चेहऱ्याला बसेल अशी पट्टी करत आणि तिला डोळ्यांसमोर आडवी बारीक चीर पाडत. काच नाही, त्यामुळे वाफ धरून धूसर होण्याचा प्रश्न नाही. आतून काजळी फासली की चकाकी आणखी कमी. चिरेतून दिसते थोडेच, पण स्पष्ट दिसते. ज्याच्याजवळ फक्त सुरी होती त्या माणसाने केलेली ही वस्तू आहे, आणि तिच्यात एकही रेघ शोभेसाठी नाही. तरीही ती इतकी देखणी आहे की चित्र पाहिल्यावर मला आमच्या स्पर्धेतल्या सगळ्या नटबोल्टांची कीव आली.

म्हणून मी तसा एक करून पाहिला. लाकूड कोरण्याचे अंगात नाही, तेव्हा नारळाची करवंटी घेतली. करवंटीला मुळातच डोळ्याच्या खोबणीसारखा बाक असतो. दोन तुकडे कापून कडा पॉलिश पेपरने घासल्या, हॅक्सॉच्या पात्याने आडव्या चिरा पाडल्या, आतून समईची काजळी, मध्ये सुतळीचा सांधा. भर दुपारी बारा वाजता जुहूच्या वाळूवर तो घालून मी अर्धा तास फिरले. समोरच्या पाण्याची चकाकी, जिने एरवी कपाळाला आठ्या पडतात, ती पार मावळली. गोळेवाला मात्र गाडी सोडून पाहायला आला. (गॅदरिंगला मला पडलेला फिशपाँड असा होता : ‘जुहूला बर्फ पडेल तेव्हा हिला बोलवा, तोवर गोळेवाल्याकडे बसवा.’ लिहिणाऱ्याचे अक्षर मी ओळखले आहे.)

आता कुणी म्हणेल, मग तुला पितळ आणि चामडे नकोच आहे. तसे मुळीच नाही. पितळ-चामड्याचा गोल गॉगल मला मनापासून आवडतो, आणि तो आवडण्याचा हक्क जुहूकरांइतका क्वचितच कुणाला असेल. आपल्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर जो विमानतळ आहे तो १९२८ सालचा, देशातला पहिला नागरी विमानतळ. आज तिथून प्रामुख्याने हेलिकॉप्टरे उडतात. पण त्या काळी इथल्या फ्लाइंग क्लबात शिकणारी मुले उघड्या बैठकीच्या ‘मॉथ’ विमानात बसत. तोंडावर वारा आणि इंजिनाच्या तेलाचे शिंतोडे. गॉगल नसता तर डोळे उघडे ठेवता आले नसते. जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. सोबत एक गॉगल आणि एक स्लाइड रूल होता, असे सांगतात. पावसाळ्यात हे मैदान चिखलाने भरून जाई, म्हणून ती टपालसेवा तेवढे महिने पुण्याहून चाले. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा करून दाखवले. त्या जुन्या छायाचित्रांतला गॉगल आपल्याला रुबाबदार वाटतो. पण तो रुबाबासाठी केलेला नव्हता, रुबाब त्याला कामातून आला. आमची साथ नेमकी उलट्या वाटेने निघाली आहे.

ही उलटी वाट आपल्याला नवी नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले ही कथा आपण अभिमानाने सांगतो. २०१५ साली तिच्यावर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही निघाला. उड्डाणाचा त्या काळातला खात्रीचा पुरावा मात्र कुणी पुढे ठेवलेला नाही, आणि ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चे नाव त्या विमानाशी जोडले जाते त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच तपासून सांगितले आहे. तळपद्यांच्या धडपडीबद्दल मला आदरच आहे. पण उडाले का, हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण अरसिक ठरवतो, आणि दिसते का, हे विचारणाऱ्यालाही.

हा प्रश्न मला माझ्या आजोबांनी शिकवला. ते गिरणगावात एका गिरणीच्या बॉयलरवर होते, १९८२ च्या संपापर्यंत. ज्याला आपण वाफेचे युग म्हणतो ते त्यांनी रोज आठ तास अंगावर घेतले होते. स्टीमपंकची चित्रे मी त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी पितळी नळ्या, घड्याळे, झडपा असा सगळा पसारा निरखला आणि म्हणाले, “बाळा, हे इतकं चकचकीत कोण ठेवतं? पुसणारा माणूस कुठाय यात?” खरोखरच त्या चित्रांत पुसणारा माणूस कुठेच नसतो. ज्यूल व्हर्न, ज्याला ही मंडळी आपला आजा मानतात, तो हिंदुस्थानात कधी आला नाही. पण १८८० च्या आपल्या एका कादंबरीत त्याने वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती उत्तर हिंदुस्थानभर फिरवला. हत्तीमागच्या चाकांच्या बंगल्यात बसून गोरे लोक शिकार करत हिंडतात, आणि नानासाहेब पेशवे त्यात खलनायक आहेत! भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, त्यावर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, मीही वाढले. तरी त्या हत्तीच्या पोटात कोळसा कोण टाकत होता हे मला आता विचारावेसे वाटते. माझा दुसरा गॉगल आजोबांनी हातात घेतला तेव्हा नक्षीबद्दल चकार शब्द काढला नाही. डोळ्यांना लावला आणि विचारले, “लांबचं दिसतंय, पण जिना उतरताना पायाखालचं दिसतं का?” दिसत नव्हते. खालची कड मी दोन सूत कापली.

तो दुसरा गॉगल असा. चोरबाजारातून जुन्या पितळी टॉर्चची दोन तोंडे आणली. टॉर्चचे तोंड आट्यांचे असते, फिरवले की काच सुटते, पुन्हा फिरवले की घट्ट धरते. म्हणजे भिंग बदलण्याची सोय आयतीच. त्यात साधी काच घालायची नाही, फुटली तर डोळ्यातच जाईल. चष्म्याच्या दुकानातून पॉलिकार्बोनेटची, अतिनील किरण अडवणारी, गडद करडी भिंगे गोल कापून घेतली. सगळ्या खर्चात मोठा खर्च हाच. बाजूचे पडदे धारावीतून आणलेल्या चामड्याच्या तुकड्यांचे. स्टेशनाबाहेर बसणारे चप्पल शिवणारे काका, त्यांनी आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन सुया समोरासमोरून कशा घालायच्या ते दाखवले; मशीनची शिवण एका जागी तुटली की सगळी उसवते, ही उसवत नाही. पितळ कातडीला टेकता कामा नये, थंडीत ते बर्फाइतकेच गार पडते, म्हणून आतून फ्लॅनेलची दुमड. आणि बाजूच्या चामड्याला बारीक भोके, आतून जाळी लावून, नाहीतर श्वासाची वाफ भिंगावर बसते. आता गंमत पाहा : आट्यांची पितळी कडी, जाळीची भोके, जाड टाके, बकल. स्टीमपंकच्या चित्रात जे-जे असते ते सगळे यात आले, आणि एकही गोष्ट शोभेसाठी घातलेली नाही.

सांस्कृतिक मंडळाला माझी सूचना आहे, की पुढच्या वर्षी हा विषय ठेवल्यास स्पर्धकाने आपला गॉगल घालून दुपारी बाराला चौपाटीवर दहा मिनिटे चालावे आणि परीक्षकांनीही सोबत चालावे. मेच्या आधी मात्र अठरा जणांनी आपापली भिंगे चष्म्याच्या दुकानात दाखवून घ्यावीत. अतिनील किरण किती अडतात ते मोजण्याचे छोटे यंत्र बऱ्याच दुकानांत असते. ज्यांचे जिलेटिन निघेल त्यांच्यासाठी माझ्या गॉगलचा खाकी कागदावर कापलेला नमुना ग्रंथालयात, वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवला आहे. चामडे आपापले आणावे. करवंट्या घरी पुष्कळ आहेत.