जिवंत माल : घेण्याआधी चौकशी, विकण्याआधी माहिती

आपला सुतार लाकूड ठोकून पाहिल्याशिवाय घेत नाही. कापडवाला पन्हा मोजल्याशिवाय ताग्याला हात लावत नाही. पण घरात जिवंत प्राणी आणताना पोराच्या हट्टापुढे कुणी एक प्रश्नही विचारत नाही. मासे आणि लव्हबर्ड विकणाऱ्या दुकानांत आता 'लेपर्ड गेको' नावाच्या ठिपकेदार पालीचीही मागणी होते. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या मुलखातला हा प्राणी. या धंद्यात आपलेही बांधव आहेत, म्हणून आम्ही स्पष्ट लिहीत आहोत.

पहिली बाब दीनची. पालीविषयी हदीसमध्ये स्वतंत्र हुकूम आला आहे. तेव्हा ही पाल पाळणे व विकणे जायज आहे काय, हे दुकानदाराने आपल्या सोयीने ठरवू नये, मुफ्तीसाहेबांना विचारावे.

दुसरी बाब कायद्याची. ईशान्य भारतातील टोके पालीला लाखोंचा भाव मिळतो, या अफवेपायी अनेकांना अटक झाली. ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि २०१९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. शिवाय २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी सक्तीची आहे. बिलाशिवाय माल न घेणाऱ्या व्यापाऱ्याने बिनकागदाचा जीव का घ्यावा?

तिसरी बाब निगेची. लेपर्ड गेको नीट सांभाळला तर १५ वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे हट्ट करणारा पोरगा कमावता होईपर्यंत. तो भाजी-धान्य खात नाही. त्याला जिवंत रातकिडे व अळ्या लागतात, त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावावी लागते. ती चुकली तर हाडे मऊ पडून पाय वाकतात. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश उबदार, दुसरी थंड, आणि कात टाकण्यासाठी ओलसर आडोसा हवा. दोन नर एकत्र ठेवले तर भांडतात. शेपटी धरून उचलले तर ती तुटते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावे लागतात. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर लहान गावात सहसा मिळत नाही.

हे सारे गिऱ्हाइकाने पैसे मोजण्याआधी विचारावे आणि दुकानदाराने न विचारताही सांगावे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण उम्मती आहोत. मालाचा ऐब लपवणे आपल्याला शोभत नाही. मांजरीला बांधून ठेवून ना खाऊ घातले, ना सोडले, अशा बाईचा अंजामही आपण जुम्म्याच्या बयानात ऐकला आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक दुकानदाराने प्राण्याचे अन्न, आयुष्य, आजार आणि महिन्याचा खर्च मराठीत लिहिलेला कागद बिलाला जोडावा. तो वाचून एखादे गिऱ्हाईक परत फिरले तर फिरू द्यावे. तेवढी विक्री बुडाली तरी रोजी हलाल राहील आणि एक मुका जीव हकनाक मरणार नाही.