मोफत छत्रीचा मोह

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधील चिखलोलीची जुनी ओळख म्हणजे धरण आणि औद्योगिक वसाहत. आज तेथे गृहसंकुले उभी राहिली आहेत आणि त्यांच्या फाटकांपाशी घरपोच सामान आणणाऱ्या दुचाकींची सतत ये-जा असते. शेजारच्या किराणा दुकानदाराला घाऊक बाजारात जो भाव पडतो, त्याहूनही कमी भावात तीच वस्तू कधी कधी मोबाइलवर मिळते. दुकानदार सहा महिने तोट्यात गेला, तर त्याला दुकान बंद करावे लागते. कंपनी मात्र वर्षानुवर्षे तोट्यात राहूनही विस्तारत जाते. हे घडते कसे?

अशी कंपनी ग्राहकाकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर नव्हे, तर गुंतवणूकदारांच्या पैशावर चालते. त्या पैशातून सवलती द्यायच्या, सवलतींनी ग्राहकसंख्या फुगवायची आणि ती संख्या दाखवून पुढच्या गुंतवणूकदाराकडून चढ्या मूल्यांकनाने पैसा घ्यायचा, असे हे चक्र आहे. त्याची अखेरची पायरी म्हणजे शेअर बाजार. नोव्हेंबर २०२१मध्ये तोट्यात असलेल्या पेटीएमने २,१५० रुपये भावाने १८,३०० कोटींची समभागविक्री केली. त्यांतील १०,००० कोटी कंपनीच्या तिजोरीत नव्हे, तर समभाग विकून मोकळ्या झालेल्या जुन्या भागधारकांकडे गेले. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव सुमारे २७ टक्क्यांनी कोसळला. त्याच वर्षी घरपोच औषधे पुरवणाऱ्या, तोट्यातील फार्मइझीच्या मालक कंपनीने नवी मुंबईतील नफ्यात चालणारी थायरोकेअर ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी तिला स्वतःची नियोजित समभागविक्री मागे घ्यावी लागली.

परक्या भांडवलाच्या बळावर भाव पाडून प्रतिस्पर्ध्याला संपवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. लोकमान्य टिळकांचे अनुयायी व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिन येथे स्वदेशी जहाज कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवत नेले आणि शेवटी फुकट प्रवासासोबत एक छत्रीही देऊ केली. १९०८मध्ये पिळ्ळै यांना कारावास झाला. १९११मध्ये कंपनी मोडीत निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीलाही १९१९नंतर अशाच दरयुद्धाला तोंड द्यावे लागले.

याचा अर्थ प्रत्येक तोटा निंद्य आहे, असा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर प्रारंभीची दोन वर्षे विकले गेले नव्हते. परंतु ती झळ त्यांनी स्वतः सोसली आणि अखेर नांगर विकला गेला तो त्याच्या गुणावर. नांगर फुकट वाटून गावच्या लोहाराला त्यांनी देशोधडीला लावले नाही. उद्यमातील तोटा आणि इतरांना संपवण्यासाठी ओढवून घेतलेला तोटा यांतील भेद हाच आहे.

कायदा येथे तोकडा पडतो. २००२चा स्पर्धा कायदा खर्चाहून कमी भावाने विकण्यास मनाई करतो, पण ती केवळ बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगाला. चार श्रीमंत कंपन्या एकाच वेळी भाव पाडू लागल्या, तर वर्चस्व कोणाचे मानायचे? नफ्याची अट पूर्ण न करणाऱ्या कंपनीच्या समभागविक्रीत किरकोळ गुंतवणूकदाराचा वाटा सेबीने १० टक्क्यांवर मर्यादित केला, हे योग्यच झाले. मात्र त्याच गुंतवणूकदाराचा दरमहाचा हप्ता म्युच्युअल फंडामार्गे त्याच कंपनीत पोहोचू शकतो. पुढच्या दाराने अडवलेला पैसा मागच्या दाराने आत जातो.

अर्थाचा अभाव नको आणि प्रभावही नको, असा विचार पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडला. या व्यवहारात अर्थाचा केवळ प्रभाव उरला आहे. सवलत घेणारा ग्राहक, हप्ता भरणारा गुंतवणूकदार आणि दुकान बंद करणाऱ्याचा शेजारी ही तिन्ही माणसे बहुधा एकाच घरात राहतात. म्हणून समभागासाठी अर्ज करताना त्यातील किती पैसा व्यवसायात आणि किती जुन्या भागधारकांकडे जाणार, हे माहितीपत्रकात पाहावे. खरेदी करतानाही स्वस्ताईचा भार कोण उचलतो आहे, हे स्वतःला विचारावे. कोपऱ्यावरचे दुकान एकदा बंद झाले की भाव ठरवणारा एकच उरेल आणि त्या दिवशी छत्री मोफत मिळणार नाही.