अनुभवाचा जमाखर्च

अलीकडे आपल्या शहरातील सुशिक्षित तरुणांच्या बोलण्यात एक निराळेच प्रकरण ऐकू येऊ लागले आहे. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर असलेला, एरवी पगारवाढ आणि घराचे हप्ते यांखेरीज अन्य विषयाला सहसा हात न घालणारा एखादा मुलगा गोव्याहून किंवा हिमाचलातील एखाद्या खेड्यातून परत येतो आणि अत्यंत गंभीरपणे सांगू लागतो, की त्या एका रात्री 'मी' म्हणून वेगळे असे काही नाही हे आपणास उमगले, मृत्यूचे भय ओसरले, वडिलांविषयी इतकी वर्षे मनात साठवलेली अढी विरघळून गेली. आणि हे सारे घडले ते जिभेवर ठेवलेल्या, एलएसडी या द्रव्यात भिजवलेल्या कागदाच्या एका कपट्यामुळे. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत जे पाणी उभे राहते ते खोटे नसते. मी स्वतः असे द्रव्य घेतलेले नाही व घेण्याची इच्छाही नाही; तथापि ज्यांनी घेतले त्यांच्याविषयी तुच्छतेने लिहावे असे मला कदापि वाटत नाही. शहरात 'बटन' या नावाने चोरून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती नशा करणारा कोणत्याही ज्ञानाचा दावा करीत नाही. त्याला केवळ विस्मरण हवे असते. येथे मात्र माणूस म्हणतो की मला सत्य दिसले. एवढ्या मोठ्या दाव्याची छाननी आदराने आणि तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.

या छाननीसाठी फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. आपल्या शहरातून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले, की नगर गाठण्यापूर्वी पिंपळगाव माळवीच्या अंगाला मेहेराझाद नावाचे एक शांत स्थान लागते. पुण्यात १८९४ साली एका इराणी कुटुंबात जन्मलेले, तारुण्यात पुण्याच्या बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासात घडलेले, आणि १० जुलै १९२५ पासून देहावसानापर्यंत मौन पाळलेले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा आपल्या अखेरच्या वर्षांत येथे राहत असत. १९६५-६६ च्या सुमारास, अमेरिकेत एलएसडीचा बोलबाला शिगेला पोहोचला असता, तेथील काही तरुण पत्ररूपाने आणि काही प्रत्यक्ष येऊन त्यांना एकच प्रश्न विचारू लागले: या द्रव्याने जे दिसते ते ईश्वराचे दर्शन आहे काय? रॉबर्ट ड्रेफस नावाचा एक तरुण तर खुष्कीच्या मार्गाने, मिळेल त्या वाहनाने मजल दरमजल करीत येऊन पोहोचला. हार्वर्ड विद्यापीठात टिमोथी लिअरी व रिचर्ड आल्पर्ट या दोन प्राध्यापकांनी या द्रव्यांचे जे प्रयोग आरंभिले होते त्यांच्या परिसरात वावरलेले अ‍ॅलन कोहेन यांच्यासारखे मानसशास्त्राचे अभ्यासकही या पृच्छकांत होते.

बाबांनी हाताच्या खुणांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. द्रव्याने दिसणारे दृश्य आणि आत्मसाक्षात्कार यांचे नाते मृगजळ आणि पाणी यांच्यासारखे आहे, आणि आध्यात्मिक हेतूने केलेले असे सेवन शरीर, मन व आत्मा या तिहींना अपायकारक आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. वैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध म्हणून होणारा उपयोग मात्र त्यांनी या निषेधातून वगळला होता. हा अभिप्राय १९६६ साली 'गॉड इन अ पिल?' या छोट्या पुस्तिकेच्या रूपाने अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि ड्रेफस यांना त्यांनी मायदेशी परत जाऊन आपल्या पिढीला हेच सांगण्याची आज्ञा केली. पुढे 'द हू' या विख्यात इंग्रज वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड हेही त्यांचे अनुयायी झाले, आणि त्यांनी १९६९ ची आपली 'टॉमी' ही रचना बाबांना अर्पण केली.

उन्मादाचे ज्यांना वावडे आहे अशा कोणा कोरड्या नीतिमार्तंडाचे हे उत्तर असते, तर त्याचे एवढे मोल मी मानले नसते. परंतु ईश्वरवेडाने देहभान हरपलेल्या ज्या माणसांना 'मस्त' म्हणतात, त्यांच्या शोधात याच गृहस्थाने हिंदुस्थानचा कानाकोपरा पालथा घातला होता. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून, बैलगाडीतून आणि पायी हिंडून, जेथे म्हणून असा मस्त असल्याचे कळे तेथे जावे, त्याला स्वतःच्या हातांनी स्नान घालावे, त्याची हजामत करावी, घास भरवावा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १९३६ साली राहुरीस त्यांनी वेड्यांसाठी व मस्तांसाठी आश्रमही चालविला होता. त्यांचे इंग्रज सहकारी डॉक्टर विल्यम डॉन्किन यांनी या भेटींचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला, तो १९४८ साली ग्रंथरूपाने निघाला. उन्मत्तावस्थेची एवढी सेवा केलेला माणूस जेव्हा म्हणतो की हा उन्माद आणि तो उन्माद एक नव्हेत, तेव्हा त्या म्हणण्याला अनुभवाचा अधिकार असतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३६ निरोगी स्वयंसेवकांना, बऱ्याच पूर्वतयारीनंतर व जाणत्या व्यक्तींच्या उपस्थितीत, विशिष्ट अळंब्यांत असणारे सायलोसायबिन हे द्रव्य देण्यात आले. हा आपल्या आयुष्यातील सर्वाधिक अर्थपूर्ण अशा पाच अनुभवांपैकी एक होता, असे त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोकांनी दोन महिन्यांनंतर सांगितले. आणि सुमारे एकतृतीयांश लोकांना त्याच काही तासांत तीव्र भीतीने ग्रासले होते. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचावयाचे असतात, जरी मित्रमंडळींच्या बैठकीत पहिलाच तेवढा सांगितला जातो. ज्यांच्या घराण्यात चित्तभ्रमाचा इतिहास आहे अशांना असल्या प्रयोगांत प्रवेश दिला जात नाही. किनाऱ्यावरच्या झोपडीत ही चौकशी कोण करतो?

परंतु त्या प्रयोगातील जी गोष्ट मला सर्वांत मौलिक वाटते ती वेगळीच आहे. संशोधक केवळ स्वयंसेवकांच्या साक्षीवर थांबले नाहीत; त्यांनी त्या प्रत्येकाचे कुटुंबीय, स्नेही व सहकारी यांपैकी काहींना विचारले, की हा मनुष्य पूर्वीपेक्षा बदलला आहे काय? उत्तर अनुकूल आले, पण बदल बेताचा होता. मला वाटते, प्रश्न नेमका योग्य दरवाजावर विचारला गेला. अहंकार गळून पडल्याची ग्वाही ज्याचा अहंकार त्याने देऊन चालत नाही. ती त्याच्या पत्नीने, धाकट्या भावाने किंवा हाताखालच्या कामगाराने द्यावयाची असते.

क्षणिक अनुभव आणि टिकणारा बदल यांतला फरक ओळखण्याच्या बाबतीत आपल्या शहराच्या परिसराइतकी अनुभवी भूमी क्वचितच सापडेल. खुलदाबादला ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हानुद्दीन गरीब, निजामुद्दीन औलियांचे शिष्य, 'समा' म्हणजे भक्तिसंगीताच्या श्रवणाचे इतके भोक्ते होते की त्यांच्या मंडळींची नृत्याची विशिष्ट पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली गेली. तरीही सूफींच्या शास्त्रात 'हाल' आणि 'मकाम' यांचा भेद कटाक्षाने पाळलेला असतो: हाल ही वरून उतरणारी व निघून जाणारी भावावस्था, तर मकाम म्हणजे पश्चात्ताप, सबुरी, संतोष अशा पायऱ्यांनी, कष्टाने मिळविलेले व टिकणारे ठिकाण. बगदादच्या जुनैदांसारख्या थोरांनी तर धुंदीहून शुद्धीलाच श्रेष्ठ मानले. पुढे रामदास या नावाने प्रसिद्धीस आलेल्या हार्वर्डच्या आल्पर्ट यांची तक्रारही अखेर हीच होती, की कितीही उंच गेले तरी दर वेळी खाली यावेच लागते.

आणि दौलताबाद. परंपरा असे सांगते, की तेथील किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या पदरी राहून एकनाथ दफ्तराचे काम पाहत असत. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून नाथ दिवा लावून रात्रभर जमाखर्चाच्या वह्या घेऊन बसले आणि उत्तररात्री चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी मागे उभे राहून पाहत होते. एका पैच्या चुकीसाठी जो इतका एकाग्र होऊ शकतो तोच परमार्थाचा अधिकारी, असे जाणून त्यांनी शिष्याला साधनेसाठी शुलीभंजनच्या डोंगरावर धाडले. या कथेतला क्रम मला मोलाचा वाटतो. डोंगर नंतर आला. आधी दफ्तर होते. डोंगरावर जे दिसले असेल ते घेऊन नाथ पुन्हा पैठणास आले, त्यांनी गृहस्थाश्रम स्वीकारला, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले. काशीहून आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले आणि श्राद्धाचे अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, अशा कथा त्यांच्याविषयी सांगितल्या जातात. साक्षात्कार कसा होता याचे वर्णन विचारण्याची गरज पैठणकरांना पडली नसावी. तो गल्लीत दिसत होता.

म्हणून माझे मत असे, की त्या रात्री मिळाल्याचे सांगितले जाणारे धडे खोटे नसतात; पण ते बहुधा जुने, आपल्याला आधीच ठाऊक असलेले असतात, आणि द्रव्य ते शिकवीत नाही, फार तर काही तासांपुरते मोठ्या अक्षरांत दाखविते. वडिलांवरचा राग गेला असेल, तर त्याची परीक्षा त्यांच्या पुढच्या दवाखान्याच्या खेपेला होईल. ज्याला हे धडे हवे आहेत त्याला त्यासाठी कागदाच्या कपट्याची आवश्यकता नाही. आणि जो असा कपटा जवळ बाळगील त्याने हेही ध्यानात घ्यावे, की १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली एलएसडीचे केवळ दोन मिलिग्रॅम इतकेच प्रमाण अल्प मानले जाते आणि एकदशांश ग्रॅमहून अधिक ते व्यापारी प्रमाण ठरून किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीस कारण होते.

आईवडिलांना माझी विनंती आहे, की मुलाने असे काही सांगितले तर आधी पूर्ण ऐकून घ्या. ज्या गोष्टी त्याला त्या धुंदीत बोलाव्याशा वाटल्या त्या घरात बोलता येत नव्हत्या काय, याचा विचार करा. आणि ज्याच्या डोळ्यांपुढील ती दृश्ये दिवस उलटले तरी हटत नाहीत, ज्याला झोप लागत नाही किंवा कोणी पाठलाग करीत असल्याचा भास होतो, त्याला मांत्रिकाकडे न नेता विनाविलंब शहरातील घाटी या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. शासनाची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.